नळीची वाट

"हौसाबाई कुठं आहेत?"

जीपमधून उतरल्यावर डॉ. सुलभा चिपळोणकरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न हा. नमस्कार नाही, प्रवास कसा झाला हे सांगणं नाही. मी हातात थर्मास घेऊन उभा होतो. त्यांच्यासाठी मुद्दाम घरून बिनसाखरेचा चहा आणला होता.

"येईल एवढ्यात," मी म्हणालो. "शेळ्या सोडून येते ती."

"छान. मग त्या आल्यावरच निघू."

या गोष्टीला वीस वर्षं झाली. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो, तालुक्याच्या हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवत होतो आणि अकरा वर्षं दर रविवारी कुरणवाडीच्या डोंगरात लोकांना पक्षी दाखवायला नेत होतो. माणदेशातला डोंगर. झाडं कमी, कातळ फार. बाहेरून येणाऱ्याला पहिल्यांदा वाटतं, इथं काय बघायचं? मग त्याला कड्यावरचा निळा कस्तूर दाखवला, डोक्यावर तुरा मिरवत दगडावर बसलेला काळा युवराज दाखवला, की तो माणूस बोलायचा थांबतो. माणसं अशी गप्प होताना बघायला मला फार आवडायचं. त्यात पक्ष्यांचं कौतुक किती आणि माझं किती, हे मी कधी तपासलं नव्हतं.

हौसा काळेलला या फेऱ्यांत मीच आणलं. तिचा नवरा मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने मुलखाबाहेर असायचा. ती पाच-सहा शेळ्या सांभाळत वाडीवर राहायची. सुरुवातीला मी तिला फक्त वाट दाखवायला बोलावलं होतं. दोन महिन्यांत माझ्या लक्षात आलं, मी दुर्बीण डोळ्याला लावायच्या आत ती पक्ष्याकडे बघत असते. तिला पक्षी दिसायच्या आधी ऐकू यायचे. मी तिला शास्त्रीय नावं शिकवली, तिनं मला कुठल्या दगडावर कुठल्या वेळेला कोण बसतं ते शिकवलं. पहिल्यांदा ही देवाणघेवाण मला गमतीची वाटली. मग लोक फोनवर विचारू लागले, "सर, रविवारी त्या हौसाबाई आहेत ना?"

मी म्हणायचो, "आहे की!" आणि फोन ठेवल्यावर थोडा वेळ तसाच बसून राहायचो.

सुलभाताई म्हणजे या क्षेत्रातलं मोठं नाव. सत्तरी ओलांडलेली, बारीक अंगाची बाई, पायात कापडी बूट. डोंगराळ भागातल्या पक्ष्यांवर त्या मोठा ग्रंथ लिहीत होत्या. मी त्यांना चार वर्षांत सहा पत्रं पाठवली होती. माझ्या नोंदी पाठवल्या होत्या. त्यांची दोन ओळींची उत्तरं आली होती. आणि आता, फेब्रुवारीच्या शेवटी, त्या आपणहून येत असल्याचं कळलं तेव्हा मी बायकोला म्हणालो होतो, "बघ, शेवटी दखल घेतली."

हौसा आली. नऊवारीचा काष्टा, पायात टायरच्या चपला, खांद्यावर भाकरीचं फडकं. सुलभाताई चार पावलं पुढं गेल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुमचं पत्र मिळालं बरं का!"

"पोरीच्या हातनं लिवलं, बाई. चुका आसतील."

"एक चूक नव्हती."

कसलं पत्र? हौसानं यांना पत्र लिहिलं? माझ्या हातातला चहा मी थर्मासच्या झाकणात ओतला आणि स्वतःच पिऊन टाकला.

हौसा सोडून आम्ही आठजण होतो. त्यातले पोतनीस म्हणून एक बँकेतले अधिकारी, त्यांच्या गळ्यात हातभर लांबीची लेन्स लावलेला कॅमेरा. बाकी नवखी, हौशी माणसं. चढ सुरू झाला. मी नेहमीप्रमाणे पुढं होतो, पण पाठीमागून सगळं ऐकू येत होतं. सुलभाताई आणि हौसा जोडीनं चालत होत्या. "हे काय वाजलं?" "लावरी हाय, त्या बोराटीच्या मागं. तीन हायती." "तीन कशावरून?" "एक बोलली की दोघी गप ऱ्हात्यात. मग दुसरी बोलती." सुलभाताई हसल्या. लहान मुलगी हसते तशा. माझ्या पत्रांना आलेल्या त्यांच्या दोन ओळी मला आठवल्या.

एका टेपाडावर मी थांबलो. समोरच्या कड्यावर एक ससाणा घिरट्या घालत होता. मी सगळ्यांना गोळा केलं, पंखांचा आकार सांगितला, शेपटीवरच्या पट्ट्या सांगितल्या, तो हवेत एका जागी कसा ठरतो ते सांगितलं. चांगली दहा मिनिटं बोललो. बोलणं संपवून वळलो तर सुलभाताई तिथं नव्हत्याच. त्या पलीकडं हौसाबरोबर उकिडव्या बसून मातीत काहीतरी बघत होत्या.

"गोसावी, हे बघायला या," त्या म्हणाल्या. "चित्र तित्तिरानं धुळीत अंघोळ केलीय. पिसाचा ठसा उमटलाय बघा. माझ्या इतक्या वर्षांत एवढा स्पष्ट ठसा पाहिला नव्हता."

मी गेलो, बघितलं. "हो, इथं असतात नेहमी," म्हणालो. नेहमी असतात हे खरं नव्हतं. मीही तो ठसा पहिल्यांदाच बघत होतो.

वर गेल्यावर वाटेला दोन फाटे फुटतात. उजवीकडची वाट नळीतून जाते. नळी म्हणजे दोन कातळांमधली अरुंद घळ, सावलीची, थंडगार. डावीकडची वाट पठारावरून वळसा घालते, उन्हाची आणि दुप्पट लांबीची. आम्ही नेहमी नळीतून जायचो. त्या दिवशी हौसा पुढं आली आणि फाट्यावर डावीकडं तोंड करून उभी राहिली.

"आज पठारावरनं जाऊ, सर."

"का?"

"नळीत आग्या मोहळ बसलंय."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. सुलभाताईंकडं बघितलं. आणि सुलभाताईंनी किंचित मान हलवली. तेवढ्यात माझ्या पायाशी मला ती गोळी दिसली. करड्या केसांची आणि उंदराच्या बारीक हाडांची, अंगठ्याएवढी. ताजी, अजून ओलसर. शेजारच्या दगडावर चुन्याचा फराटा ओढावा तशी पांढरी विष्ठा. शृंगी घुबड. हातभराहून उंच, कानांवर शिंगासारखी पिसं असलेलं मोठं घुबड. ते खाल्लेल्याची केस-हाडं अशी ओकून टाकतं. फेब्रुवारीचा शेवट. नळीत कपारीला घरटं असणार आणि घरट्यात पिल्लं असणार.

हे सगळं मला कळायला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळ दुसरी गोष्ट कळायला लागला. हौसाला हे माहीत होतं. तिनं ते मला सांगितलं नव्हतं, पत्र लिहून या बाईंना कळवलं होतं. त्या माझ्या नोंदी वाचून आल्या नव्हत्या. आता ही सगळ्यांना लांबून फिरवून आणणार, मला खाली पोचवणार, आणि मग दोघी परत येऊन निवांत घरटं बघणार. ग्रंथात छापून येणार, कुरणवाडी, नोंद हौसाबाई काळेल.

"मोहळ नाहीय," मी म्हणालो. "मी परवाच नळीतून उतरलो. एक माशी नव्हती."

मी परवा डोंगरावर आलोच नव्हतो. ती खोटं बोलत होती, मीही खोटं बोललो.

"सर, ऐका की. आज नको."

"गोसावी," सुलभाताई म्हणाल्या, "पठारावरून जाऊ या ना. मला काही घाई नाही."

"मॅडम, ऊन चढतंय. आणि इथं वाट मी ठरवतो."

माझा आवाज चढला होता. नवख्या माणसांपैकी एकानं उगाच पाण्याची बाटली उघडली. हौसा माझ्या आणि नळीच्या मध्ये उभी होती. मी तिच्या बाजूनं पुढं झालो आणि उतरायला लागलो. पोतनीस माझ्यामागं आले, त्यांच्यामागं बाकीचे. माणसं जो पुढं चालतो त्याच्या मागं जातात.

नळीत शिरल्यावर वीसेक पावलांवर मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मला कपार शोधावी लागली नाही. डाव्या कातळावर पुरुषभर उंचीवर एक ओटा होता, त्यावर ती बसली होती. मातीच्या रंगाची, कातळाचाच एक तुकडा असावा तशी. फक्त डोळे नारिंगी. ती थेट माझ्याकडं बघत होती.

"शृंगी घुबड," मी हलक्या आवाजात म्हणालो. "मादी. घरट्यावर बसलीय."

सगळ्यांचे श्वास थांबले. मला हवं होतं तसं. पोतनीसांनी कॅमेरा उचलला, एक पाऊल पुढं टाकलं, मग आणखी एक. मी त्यांना अडवायला हवं होतं. मी मान वळवून सुलभाताईंना शोधत होतो, त्यांना दिसतंय ना हे बघायला.

पोतनीसांच्या बुटाखालचा दगड घरंगळला.

ती उडाली. आवाज नाही, नुसती हवा हलली आणि आमच्या डोक्यावरून एक मोठी सावली गेली. ओट्यावर दोन पांढरे कापसाचे गोळे उघडे पडले. एकानं चोच उघडली. पोतनीसांचा कॅमेरा खटखट वाजत राहिला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, खरंच वाजवल्या.

"मागे फिरा!" सुलभाताईंचा आवाज नळीत घुमला. "सगळे मागे फिरा. आत्ता."

मादी पठाराकडं गेली होती आणि तिच्यामागं कावळे लागले होते. भर दिवसा बाहेर पडलेल्या घुबडाला कावळे सोडत नाहीत. आम्ही फाट्याशी पोचेपर्यंत त्यांतले दोन मागे वळले आणि नळीवर आले. हौसा ओरडत, हातातली काठी आपटत धावली. ती पोचली तेव्हा एक कावळा ओट्यावरून उठत होता. त्याच्या चोचीत काय होतं ते सगळ्यांनी बघितलं. पोतनीसांनीही बघितलं. त्यांनी कॅमेरा खाली केला.

सुलभाताई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गोसावी, तुम्हाला माहीत होतं?"

"नाही," मी म्हणालो.

 तेवढ्यात हौसा वर आली. तिला धाप लागली होती. तिनं आमचं बोलणं ऐकलं होतं.

"सरांना ठावं नव्हतं, बाई," ती म्हणाली. "म्या सांगितलं नव्हतं त्यांना."

मग ती माझ्याकडं वळली. "सर, तुम्ही हितं बसायचं. ह्या दगडामागं, वर दिसायचं न्हाई असं. कावळं आलं की खडा मारायचा. माय परत येईस्तवर हलायचं न्हाई. एक ऱ्हायलंय अजून."

"आणि तू?"

"ह्यास्नी कुणी खाली न्यायला नको व्हय?"

अशा तऱ्हेनं त्या रविवारची फेरी हौसानं पुरी केली. आठातली सात माणसं तिच्यामागून पठारावरून गेली आणि मी दगडाआड बसलो. साडेनऊ वाजले होते.

त्या दिवसाबद्दल काय सांगू? ऊन कातळावरून परतून तोंडावर येत होतं. नळीतली सावली सरकत गेली आणि अकराच्या सुमाराला ओट्यावर ऊन आलं. पिल्लू कपारीच्या आतल्या बाजूला सरकलं, मान टाकून पडलं. कावळे चार वेळा आले. मी खडे मारले. माझा नेम चांगला नाही, पण आवाजानं उडून गेले. एकदा, बारा-साडेबाराला, लांबून खालच्या ओढ्यातून माणसांच्या हसण्याचा आवाज आला. त्यात एक हसू मी ओळखलं. आणि मी तुम्हाला खरं सांगतो, एक जीव माझ्यापायी गेला होता, दुसरा डोळ्यांसमोर तापत होता, आणि तरीही ते हसू ऐकून मी कावळे विसरलो आणि ओढ्याकडं कान लावला. हौसानं काय सांगितलं असेल? त्या कशाला हसल्या असतील?

माय साडेचारला आली. आधी समोरच्या कातळावर बसली, बराच वेळ. मी श्वास घ्यायचाही कमी केला. मग एका झेपेत ओट्यावर आली आणि पंख किंचित पसरून पिल्लावर सावली धरून बसली. पिल्लू तिच्या पोटाखाली हललं.

हौसा उन्हं कलल्यावर आली. तिनं लांबूनच बघून घेतलं आणि माझ्यापासून हातभर अंतरावर बसली. फडकं सोडून भाकरी आणि ठेचा पुढं ठेवला. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. भाकरी हातात घेतली.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "मी तुला इथं आणलं, हौसा. मी."

 ती खडा उचलून या हातातून त्या हातात करत राहिली.

"पांढरीच्या ओढ्याला घुबडाचं घरटं हुतं. तुम्ही पेपरात लिवलं हुतं. नकाशा काढून."

"तीन वर्षं झाली त्याला. जोडी निघून गेली पुढं. दुष्काळ होता."

"जोडी गेली सर, पण पिल्लं गेली न्हाईत. तुमचं छापून आल्यावर रोज मोटारसायकली यायच्या. चाळीस-चाळीस माणसं. माय आठ दिवस उतरलीच न्हाई घरट्यावर. तिन्ही पिल्लं म्याच उचलली. ओढ्यात पुरली."

"तू हे मला कधी..."

"कसं सांगू? तुमचं नाव आलं हुतं छापून. तुम्ही शाळंत पेढं वाटलं. मला बी दिला की एक."

मी भाकरी खाली ठेवली.

"म्हणून ह्या टायमाला बाईंना लिवलं," ती म्हणाली. "म्हटलं, त्या मोठ्या हायत. त्यांनी सांगितलं तर सर ऐकतील. पठाराच्या टोकावरनं हे घरटं दिसतंय. लांबनं, दुर्बिणीतनं. आज तिथंच न्यायचं हुतं तुम्हाला. बाईंना म्या आधीच म्हटलं हुतं, पैल्यांदा सरांना बघू द्या. मग तुम्ही बघा. त्यास्नी वाईट वाटंल न्हाई तर."

खाली वाडीवर शेळ्यांचा आवाज येत होता.  मग मी म्हणालो, "हौसा, मला माहीत होतं. नळीत उतरायच्या आधी मला कळलं होतं."

"ठावं हाय मला."

"मग त्यांना खोटं का सांगितलंस?"

तिनं हातातला खडा टाकून दिला.

"तुम्हाला परत यायचं हाय की डोंगरावर," ती म्हणाली.

त्या आठवड्यात मी सुलभाताईंना पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, फाट्यावरच्या गोळीपासून. उत्तर आलं नाही. दोन वर्षांनी ग्रंथ निघाला. त्यात इथल्या नोंदींखाली हौसाचं नाव होतं आणि गावाचं, डोंगराचं नाव मुद्दाम गाळलं होतं. माझं नाव नव्हतं. मी ते पान तीनदा वाचलं.

पण ते नंतरचं. त्या वर्षी मार्चभर मी डोंगरावर गेलो नाही. रविवारच्या फेऱ्या बंद ठेवल्या. कुणी विचारलं तर पाय दुखतोय म्हणायचो. मग एप्रिलमध्ये एक दिवस, मधल्या सुट्टीत, शिपाई सांगत आला की बाहेर एक बाई उभ्या आहेत. हौसा होती. वाडीपासून शाळा आठ मैल. ती चालत आली होती.

"चला," ती म्हणाली. "उडतंय आजपासनं."

मला दोन तास होते, नववीचा एक. मी शेजारच्या शिक्षकांना वर्ग बघायला सांगितला आणि तिच्याबरोबर निघालो. एस.टी.नं कुरणवाडीच्या फाट्यापर्यंत, तिथून पायी. पठाराच्या टोकावर पोचेतो उन्हं उतरली होती. ती पालथी पडली, मीही पालथा पडलो. तिनं बोट दाखवलं.

नळीच्या पलीकडच्या कातळावर ते बसलं होतं. पांढरा कापूस जाऊन अंगावर पट्टे आले होते, डोक्यावर शिंगांच्या जागी दोन अर्धवट पिसं. ते पुढं झुकलं, मागं झालं, पुन्हा झुकलं. मग उडालं. धड उडणं नव्हतं ते, पडता पडता सावरणं होतं. खालच्या दगडावर कसंबसं टेकलं आणि आपण काय केलं म्हणून इकडंतिकडं बघू लागलं. मी दुर्बीण खाली केली, कारण काच धुरकट झाली होती.

थोड्या वेळानं मी विचारलं, "अजून कुणाकुणाला सांगितलंस?"

हौसानं माझ्याकडं बघितलं. तिला प्रश्न बरोबर कळला.

"कुणालाच न्हाई अजून."

"सुलभाताईंना?"

"उद्या पत्र लिवणार हाय," ती हसत म्हणाली. "पोरगी शाळंतनं आल्यावर."

मी पुन्हा दुर्बीण डोळ्याला लावली. म्हणजे एका दिवसानं का होईना, मी पुढं होतो.